हाताचं काम पायाला: स्टीम डेक आणि घरातले जुने कंट्रोलर

(या भागाचं शब्दांकन. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत. बाकी जसं बोललो तसं ठेवलंय.)

 

मला बरेच दिवस एक प्रश्न येतोय. ‘स्टीम डेकला प्लेस्टेशनचा, एक्सबॉक्सचा कंट्रोलर चालतो का?’ उत्तर आहे, चालतो. संपला भाग. (हसतो) नाही, थांबा. कसा चालतो ते सांगतोच, पण मला हे नीट शिकावं का लागलं, ते आधी सांगतो.

दिवाळीला मी घरी परतवाड्याला गेलो होतो. बॅगेत लॅपटॉप, डेक आणि माझा प्लेस्टेशन चारचा कंट्रोलर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, स्टीम डेक म्हणजे व्हॉल्व्ह कंपनीनं फेब्रुवारी २०२२ मध्ये बाजारात आणलेला, हातात धरून खेळायचा कॉम्प्युटर. आत लिनक्स आहे. तेही खास गेमसाठी बनवलेलं वेगळंच काही नाही, आर्च लिनक्सवर उभं केलेलं आहे. त्यात साधा डेस्कटॉपही उघडता येतो.

मावशीचं गाव परतवाड्याहून जवळच. भाऊबीज झाल्यावर तिकडे गेलो. माझा मावसभाऊ एकोणीस वर्षांचा. मागच्या उन्हाळ्यात कडबा कुट्टीच्या मशीनमध्ये चारा लोटताना त्याचा उजवा हात आत गेला. अंगठा आणि करंगळी राहिली, मधली तीन बोटं गेली.

हा पोरगा बीजीएमआयमध्ये आमच्या सगळ्या खानदानाचा बाप होता. चार बोटांची पकड, दोन अंगठे खाली आणि दोन तर्जन्या वर. त्या पकडीतली एक तर्जनी आता नाही. मी गेलो तर हा खाटेवर बसून दोस्तांचा खेळ फोनवर पाहत होता, उजवा हात चादरीखाली. मी म्हटलं, ‘खेळ ना.’ म्हणे, ‘पायतो ना, मजा येते पायाले बी.’

मजा येत नव्हती. हे कळायला इंजिनिअर असावं लागत नाही.

मी डेक काढून त्याच्या हातात दिला. माझ्याकडचा जुना, एलसीडीवाला आहे, वजन ६६९ ग्रॅम. त्यानं दोन मिनिटं धरला आणि गादीवर ठेवला. उजव्या बाजूनं वजन पेलायला बोटंच नव्हती. मी काही विचार न करता दिला होता. माझी चूक.

मग माझा कंट्रोलर दिला. तो साधारण २१० ग्रॅमचा. करंगळीचा आकडा खालून, अंगठा वरून, आणि मांडीचा आधार. राहिला हातात! म्हणजे डेक टेबलावर, एका यूएसबी सी हबमधून एचडीएमआयची वायर टीव्हीला, आणि कंट्रोलर हातात. आमच्याकडे मधेच लाइन जाते, तेव्हा टीव्ही बंद पडतो आणि डेक मात्र आपला स्वतःच्या बॅटरीवर चालूच. त्यावर मावशी म्हणाली, ‘टीव्हीपेक्षा हेच बरं हाये.’

आता जोडायचं कसं, ते पटापट सांगतो. लिहून घ्या.

प्लेस्टेशन चारचा कंट्रोलर: शेअर आणि मधलं पीएस बटण एकत्र दाबून धरायचं, दिवा भरभर लुकलुकायला लागला की डेकच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथमध्ये नाव दिसतं. प्लेस्टेशन पाचला शेअरच्या जागी क्रिएट बटण. स्विच प्रो कंट्रोलरला वर एक छोटं सिंकचं बटण असतं. एक्सबॉक्सला पेअरचं बटण, पण २०१३ च्या पहिल्या एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये ब्लूटूथच नाही. ते २०१६ च्या वन एस मॉडेलपासून आलं. सेकंडहॅंड घेताना एवढं बघा. आणि एक्सबॉक्सचा कंट्रोलर ब्लूटूथवर सारखा तुटत असेल, तर आधी त्याचं फर्मवेअर अपडेट करा. त्यासाठी मात्र विंडोजचा कॉम्प्युटर किंवा खुद्द एक्सबॉक्स लागतो. तेवढ्यापुरता मित्राचा लॅपटॉप मागायचा.

प्लेस्टेशन तीनचा कंट्रोलर मात्र हट्टी. त्याला आधी वायर लावावी लागते. वायरीतून तो समोरच्या मशीनचा ब्लूटूथ पत्ता पाठ करून घेतो, मगच बिनवायरीचा बोलतो. २०२३ मध्ये ब्लूटूथमध्ये एक भोक सापडलं होतं, ज्यातून कोणी परका माणूस खोटा कीबोर्ड बनून तुमच्या मशीनमध्ये टाइप करू शकत होता. ते बुजवण्यासाठी लिनक्समधला नियम कडक केला, आणि त्या कडक नियमात हा बिचारा जुना कंट्रोलर बाहेर राहिला. ‘क्लासिक बॉन्डेड ओन्ली’ नावाची एक सेटिंग बंद केली की तो परत चालायचा, पण मग ते भोकही उघडं राहायचं. मी तरी वायर लावूनच वापरतो. आणि वायर डेटावाली घ्या, फक्त चार्जिंगवाली नको. माझी एक अख्खी संध्याकाळ त्यात गेलीय.

बरं. कंट्रोलर जोडला, की लिनक्सला काय दिसतं? इथून पुढचं नीट ऐका, सगळी मजा इथंच आहे.

लिनक्सला कंट्रोलर दिसत नाही. आकडे दिसतात. तुम्ही प्लेस्टेशनवर फुली दाबली की कर्नेल म्हणतं, ‘३०४ दाबलं.’ सोडली की म्हणतं, ‘३०४ सोडलं.’ गोल म्हणजे ३०५. उजवीकडचं वरचं आर वन म्हणजे ३११. एक्सबॉक्सवर ए दाबलं तरी ३०४ च, कारण कर्नेलमध्ये या बटणांना दिशेची नावं आहेत. ३०४ म्हणजे दक्षिण, ३०५ म्हणजे पूर्व. आपल्या गावात नाही का, ‘दक्षिणेकडच्या वावरात’ म्हटलं की कळतं, मालक बदलला तरी वावर तिथंच! निन्टेंडोचं ए उजवीकडे असतं आणि एक्सबॉक्सचं ए खाली. अक्षरावर गेलात तर भांडण, दिशेवर गेलात तर नाही.

हे भाषांतर करणारा जो प्रोग्रॅम असतो, तो ड्रायव्हर. प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपल्याच भाषेत बाइट पाठवतो. बरीच वर्षं लोकांनी घरी बसून, कोणतं बटण दाबलं की कोणता बाइट बदलतो हे बघत बघत हे ड्रायव्हर लिहिले. प्लेस्टेशन पाचचा ड्रायव्हर मात्र सोनीनं स्वतः दिला, तो २०२१ मध्ये कर्नेल ५.१२ मध्ये आला. निन्टेंडोचा ५.१६ मध्ये, जानेवारी २०२२ ला. डेक बाजारात आला त्याच्या एक महिना आधी. आज आपण दिवा लुकलुकला की ‘जोडला’ म्हणतो, त्यामागे इतकं काम आहे.

आता परत मावसभावाकडे.

आम्ही सुपरटक्सकार्ट लावला. फुकट गेम, लिनक्सचा पेंग्विन गाडी चालवतो. यात रेस सतत दाबून धरावी लागते, शिवाय वळणावर ड्रिफ्ट, मधेच नायट्रो, आणि दुसऱ्यावर वस्तू फेकायची. रेस नेहमी उजव्या तर्जनीवर देतात, आर टूवर. त्याला तर्जनी नाही.

मी म्हटलं, काळजी नको. डेकमध्ये स्टीम इनपुट नावाची सोय आहे. कुठलंही बटण कुठल्याही बटणावर नेता येतं. रात्री सगळे झोपल्यावर मी बसलो आणि तास-दोन तास घालवून एक नकाशा बनवला. रेस डाव्या तर्जनीवर, ड्रिफ्ट डाव्या बोटावर, ब्रेक डावीकडच्या काडीच्या दाबावर. एकदम नीटनेटका. मला स्वतःचा लय अभिमान वाटला.

सकाळी त्यानं चार शर्यती खेळल्या. तिसऱ्यात दुसराही आला. मग कंट्रोलर खाली ठेवला आणि डावं मनगट चोळत बसला.

‘काऊन रे, जमत नाई का?’

‘जमते. पण दादा, हा डावा हात दिवसभर दोघांचं काम करते. लिहिणं त्यानं, जेवणं त्यानं, बादली त्यानं. आता खेळात बी त्यालेच राबवतं का?’

मी गप्प. कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. मी पाहिलं कोणती बोटं शिल्लक आहेत, आणि मोकळ्या बोटांना काम वाटून दिलं. ऑफिसात एखादा नोकरी सोडून गेला की त्याचं काम उरलेल्यांच्या डोक्यावर टाकतात ना, अगदी तसं. (हसतो) आणि आपण त्यावरच कुरकुर करतो.

मग तोच म्हणाला, ‘पायाले दे ना हे काम. ट्रॅक्टरवर रेस पायानंच देतो ना मी.’

म्हणजे बघा, दोन तास माझ्या डोक्यात जे आलं नाही, ते त्याला मनगट चोळता चोळता सुचलं.

पायासाठी बटण कुठून आणायचं? बाजारात अशा वस्तू आहेत. मायक्रोसॉफ्टचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ चा. त्याच्या मागे १९ भोकं आहेत, साध्या हेडफोनच्या ३.५ मिलिमीटर पिनची, त्यात हवं ते बटण लावा. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर २०२३ च्या डिसेंबरात आला. फार चांगल्या वस्तू आहेत. पण बाहेरची किंमत १०० डॉलरच्या आसपास होती, आणि मला परतवाड्यात दोन दिवसांत काहीतरी हवं होतं.

आम्ही जयस्तंभ चौकाकडे गेलो. एक साधा, वायरवाला यूएसबी गेमपॅड घेतला, तीन-चारशे रुपयांचा. इलेक्ट्रिकच्या दुकानातून दाराच्या बेलचं बटण घेतलं. मग एका मोबाईल रिपेअरिंगवाल्या काकांकडे गेलो. त्यांनी गेमपॅड खोलला. आत काही जादू नसते. प्रत्येक बटणाखाली तांब्याच्या दोन रेघा असतात, रबर खाली आलं की त्या जोडल्या जातात, बस. काकांनी आर वनच्या दोन रेघांना दोन वायरी सोल्डर केल्या आणि त्या बेलच्या बटणाला नेल्या. कशासाठी ते कळल्यावर पैसे घेईनात. मावसभावानं जबरदस्तीनं दिले. ‘उद्या तुटलं तर परत येईन ना,’ म्हणे.

घरी दोन फळ्या, मध्ये बिजागरी, आत बेलचं बटण आणि एक स्प्रिंग. झाली पायपट्टी.

आता ही पट्टी लिनक्सला काय दिसते, ते बघायला मी लॅपटॉपला लावली. एव्हटेस्ट नावाचं छोटं साधन आहे, जे आकडे येतात ते दाखवतं. मी म्हटलं, दाब. त्यानं पाय ठेवला. स्क्रीनवर आलं, २९३. आणि पुढे त्या बटणाचं कर्नेलमधलं नाव. ‘पिंकी’.

पिंकी म्हणजे करंगळी.

हे मी बनवून सांगत नाहीये. अशा स्वस्त गेमपॅडना स्वतःचा ड्रायव्हर नसतो, म्हणून लिनक्स त्यांना जुन्या जॉयस्टिकचे आकडे देतं, २८८ पासून पुढे. पहिलं बटण ट्रिगर, दुसरं अंगठा, असं करत सहावं करंगळी, कारण विमानाच्या दांड्यावर त्या जागी करंगळी येते. गेमपॅडवर सहावं बटण म्हणजे आर वन. जिला आम्ही पायाखाली घातलं ती.

मी त्याला सांगितलं. त्यानं चादरीखालून हात बाहेर काढला, करंगळी हलवली, आणि म्हणाला, ‘हे तं हाये ना माह्याजवळ!’

त्या दिवसानंतर निदान माझ्यासमोर तरी तो हात चादरीखाली गेला नाही. मी याचा फार अर्थ काढत नाही. जे पाहिलं ते सांगतो.

पण गाडी अजून चालत नव्हती. दोन कंट्रोलर लावले की गेमला दोन खेळाडू वाटतात. पायपट्टी झाली खेळाडू नंबर दोन, जो नुसती रेस देतो आणि भिंतीला धडकतो. (हसतो) दोघांचा एक करायचा होता.

लिनक्समध्ये यासाठी यूइनपुट नावाचं दार आहे. तुमचा साधा प्रोग्रॅम त्या दारातून कर्नेलला सांगू शकतो, ‘मी एक कंट्रोलर आहे.’ खोटा कंट्रोलर. मी पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. तो दोन्ही खऱ्या कंट्रोलरचे आकडे ऐकतो, त्यांना ‘ग्रॅब’ करतो, म्हणजे त्यांचं बोलणं दुसऱ्या कोणापर्यंत जाऊ देत नाही, आणि मग खोट्या कंट्रोलरकडून सगळं पुढे पाठवतो. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरकडून आलेलं जसंच्या तसं. पायपट्टीचं २९३ आलं की पुढे ३११. एवढंच. पन्नास ओळीही झाल्या नाहीत.

पहिल्या वेळी फसलं. स्टीम प्लेस्टेशनचा कंट्रोलर कर्नेलच्या आकड्यांतून वाचत नाही, थेट कच्चा डेटा घेतं. मी पुढचं दार लावलं होतं आणि ते मागच्या दारानं येत होतं. मग डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन स्टीम पूर्ण बंद केलं. हा गेमही ज्या एसडीएल लायब्ररीवर चालतो तिला तीच मागची वाट ठाऊक आहे, म्हणून ‘एसडीएल जॉयस्टिक एचआयडी एपीआय’ नावाचं सेटिंग शून्य करून गेम चालू केला. मग खरे दोघे गप्प बसले आणि खोटा एकटा बोलायला लागला. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन रेस आर वनवर दिली.

तुम्हाला प्रोग्रॅम लिहायचा नसेल तर एव्हसिव्ह नावाचं तयार साधन आहे, हेच काम करतं. आणि यासाठी स्टीम डेकच हवा असं अजिबात नाही. तो भारतात कंपनी अधिकृतपणे विकत नव्हती, माझा मित्राकरवी बाहेरून आलाय. घरात जुना लॅपटॉप असेल, त्यात लिनक्स टाका. आकडे तेच, दारं तीच.

त्या रात्री आम्ही तिघं खेळलो. तो, मी, आणि मावशीच्या शेजारचं एक बारकं पोरगं. पहिल्या शर्यतीत तो शेवटून पहिला. पाय सोडायचाच विसरायचा, वळणावरही रेस चालू. मी म्हटलं, ‘ट्रॅक्टर बी असाच चालवतं का बे?’ मावशी तिकडून ओरडली, ‘तसाच चालवते!’ अकरा वाजेपर्यंत तो मला हरवायला लागला होता. मी मुद्दाम हरलो नाही. हे मुद्दाम सांगतोय, कारण त्यानंही मला तेच विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी पायपट्टीची वायर तुटली. मी बॅग भरत होतो. तो ती फळी काखेत घेऊन एकटाच गाडीवर मागे बसून चौकात गेला, काकांकडे. अपघातानंतर एकटा बाजारात गेला नव्हता, हे मला मावशीनं नंतर सांगितलं.

आता जे जमलं नाही तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, दादानं सगळं गोड गोड सांगितलं. बीजीएमआय जमला नाही. त्याला तोच खेळायचा होता, कारण दोस्त तिथं आहेत. तुमच्या फोनमध्ये अँड्रॉइड आहे, अँड्रॉइडच्या आत लिनक्स कर्नेलच आहे, त्यामुळे कंट्रोलर फोनलाही जोडला जातो. प्लेस्टेशन चारचा अँड्रॉइड १० पासून, पाचचा १२ पासून. कॉल ऑफ ड्यूटी मोबाईल कंट्रोलर स्वीकारतो. बीजीएमआय अधिकृतपणे स्वीकारत नाही, आणि बाहेरून काही जुगाड केलं तर फसवणूक समजून खातं बंद होण्याची भीती. त्यांचंही बरोबर आहे, एकाला कंट्रोलर आणि दुसऱ्याला काच, हा सामना सारखा होत नाही. पण ज्याला काच वापरताच येत नाही, त्यानं कुठं जायचं? याचं उत्तर माझ्या पन्नास ओळींत नाही. ते कर्नेलमध्ये नाही, गेम बनवणाऱ्यांच्या मनात आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या गेम बनवणार असेल, तर सेटिंगमध्ये ‘बटणं बदला’ हा एक पर्याय ठेवा. तुम्हाला ते दोन दिवसांचं काम आहे.

मी पुण्याला परत आलो. डेक नेला, पण त्याच्यासाठी माझा जुना लॅपटॉप लिनक्स टाकून पाठवून दिला, कंट्रोलर आणि प्रोग्रॅमसकट. मागच्या आठवड्यात त्याचा व्हॉइस मेसेज आला. त्यानं माझा प्रोग्रॅम उघडला होता. पायथन त्याला येत नाही. पण २९३ आणि ३११ कुठं लिहिलंय ते सापडलं, आणि खाली अजून एक ओळ त्यानं स्वतः टाकली. दुसरं बेलचं बटण आणलं, काकांकडून जोडून घेतलं, आणि कंट्रोलरच्या खालच्या बाजूला टेपनं चिकटवलं. जिथं त्याची करंगळी टेकते तिथं.

विचारलं, ‘तिथं काय दिलं?’

म्हणे, ‘ब्रेक.’

चला, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या घरात माळ्यावर एखादा बंद पडलेल्या प्लेस्टेशनचा कंट्रोलर पडला असेल, तर काढा, डेटावाली वायर लावा आणि बघा कोणते आकडे येतात. आणि कोणासाठी काही जोडणार असाल, तर माझ्यासारखं रात्री एकट्यानं बसून नकाशा बनवू नका. आधी त्याला विचारा. भेटूया पुढच्या भागात.